परदेशस्थांचे कैवारी : लोकनायक बापूजी अणे

आमच्या रामपायलीस चंदन नदीच्या काठी श्रीरामाचे जुने मंदिर आहे आणि कार्तिकी पौर्णिमेस तेथे यात्रा भरते, हे या वार्षिकाच्या वाचकांस सांगावयास नको. यात्रेच्या निमित्ताने बाहेरगावी गेलेली माणसे घरी परततात. कोणी नागपुरास कामाला असतो, कोणी गोंदियास, कोणी त्याहूनही दूर. पोटासाठी घर सोडणे ही आम्हां धानाच्या मुलखातील लोकांस नवी गोष्ट नव्हे. परंतु आपल्याच देशात घर सोडून राहणे वेगळे आणि समुद्र ओलांडून परक्या राज्यात जाऊन राहणे वेगळे. तेथे मजुरी बुडाली, दुखणे आले, किंवा एखाद्या कायद्याने आपणांस एका दिवसात उपरे ठरविले, तर गाऱ्हाणे कोणापाशी न्यावयाचे? स्वतंत्र देशाच्या माणसास निदान आपल्या वकिलातीचे दार ठोठावता येते. १९४७ पूर्वी आपल्या लोकांस तेही नव्हते. कारण राज्यच आपले नव्हते. त्या काळात परक्या सरकारची मुद्रा हाती घेऊन आपल्या माणसांची वकिली करण्याचे अवघड काम ज्या थोड्या लोकांनी पत्करले, त्यांत वऱ्हाडचे लोकनायक बापूजी अणे हे एक होत. त्यांच्या चरित्राचा हा भाग फारसा वाचनात येत नाही, म्हणून आम्ही तोच येथे विस्ताराने सांगणार आहो.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी या गावी झाला. वणी आज महाराष्ट्रात आहे आणि रामपायली मध्य प्रदेशात. तथापि १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दोन्ही गावांचा कारभार नागपुराहूनच चालत असे. त्यामुळे बापूजींस आपले म्हणण्याचा थोडा अधिकार आम्हांसही पोहोचतो. त्यांचे उच्च शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. १९०४ ते १९०७ या काळात ते अमरावतीच्या काशीबाई प्रायव्हेट हायस्कुलात शिक्षक होते. आमचे चरित्रनायक काही वर्षे शाळामास्तर होते, हे वाचून आमच्या शिक्षकवर्गास संतोष होईल. पुढे कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन १९०८ मध्ये त्यांनी यवतमाळास वकिली सुरू केली.

त्याच वर्षी लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात झाली. बापूजी टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. ब्रह्मदेश हे नाव त्यांच्या मनात प्रथम कोरले गेले ते गुरूच्या बंदिवासाचे ठिकाण म्हणून. तेहतीस वर्षांनी त्याच देशातून लाखो भारतीय जीव मुठीत धरून पळत येणार होते आणि त्यांची चिंता वाहण्याचे काम दिल्लीत बसून बापूजींसच करावे लागणार होते.

त्यांच्या मधल्या काळातील राजकारणाचा विस्तार येथे करीत नाही. होमरूल चळवळीत ते होते. १९२१ पासून वऱ्हाड प्रांतिक काँग्रेस कमिटीचे अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. मध्यवर्ती विधानसभेत ते निवडून गेले. १९२८ मध्ये भावी घटनेचा आराखडा तयार करणाऱ्या नेहरू समितीचे ते सभासद होते. टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेवर त्यांचा विश्वास होता. सरकार जेथे जनतेचे हित करील तेथे त्यास हात द्यावा आणि जेथे अहित करील तेथे त्याच्याशी भांडावे, असे ते धोरण. पुढे त्यांनी जे जे केले, त्याची गुरुकिल्ली याच धोरणात आहे, असे आम्हांस वाटते. मराठी वाङ्मयाशीही त्यांचा संबंध होता. १९२८ साली ग्वाल्हेरीस भरलेल्या मराठी साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आमच्यासारख्यांस ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

१९३० सालचा जंगल सत्याग्रह मात्र सांगितल्याविना पुढे जाणे योग्य होणार नाही. मिठाचा सत्याग्रह समुद्रकाठी शोभला. ज्या प्रांतात समुद्रच नाही, तेथे काय करावयाचे? वऱ्हाड-मध्यप्रांतात सरकारचा हात सामान्य माणसाच्या गळ्याशी येई तो राखीव जंगलाच्या कायद्याने. गवताची पेंढी, सरपणाची मोळी, गुरांची चराई यांवर बंधने आली होती. बालाघाट जिल्ह्यातील लोकांस हे दुःख अधिक उलगडून सांगावयास नको. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून बापूजींनी कायदा मोडला आणि कारावास पत्करला. पाठोपाठ प्रांतभर हा सत्याग्रह पसरला. आमच्या शेजारच्या सिवनी जिल्ह्यातील टुरिया येथे त्याच वर्षी गोळीबार होऊन चार माणसे प्राणास मुकली, त्यांत तिघी स्त्रिया होत्या. तेव्हा पुढे ज्या बापूजींनी व्हाइसरॉयच्या मंडळात आसन घेतले, ते कारावासास भिणारे गृहस्थ नव्हते. १९३३ साली काँग्रेसचे मोठमोठे पुढारी तुरुंगात असताना हंगामी अध्यक्षपदाची धुरा त्यांनीच वाहिली होती. दुसऱ्या वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसच्या वरिष्ठ मंडळींशी त्यांचे पटले नाही, तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह त्यांनी राष्ट्रीय काँग्रेस पक्ष वेगळा काढला. पटले नाही की आसन सोडावयाचे, ही सवय त्यांच्या अंगी तेव्हापासूनची.

आता मुख्य विषयाकडे वळू. भारतातून मजूर परदेशी नेण्याचा व्यापार एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी वाढविला. मॉरिशस, फिजी, नाताळ येथे गिरमिटावर माणसे गेली. आपल्या मध्यप्रांतातूनही आसामच्या चहाच्या मळ्यांवर पुष्कळ कुटुंबे नेली गेली. सिलोन आणि मलाया येथे जी तामिळ माणसे गेली, ती बहुधा कंगाणीच्या हाताने. कंगाणी म्हणजे मळ्यावरचा मुकादम. तो आपल्या गावी येई, घरोघर उचल देई आणि भाऊबंदांस बायकामुलांसह घेऊन जाई. उचल फिटेपर्यंत मजूर बांधला गेला. कर्ज फिटल्याची चिठ्ठी जवळ असल्याखेरीज दुसरा मळेवाला त्यास कामावर घेत नसे. या चिठ्ठीस टुंडू म्हणत आणि ती पद्धत १९२१ साली बंद झाली. साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जाणाऱ्या माणसांस उचल आणि मुकादम हे शब्द ठाऊक आहेत. त्यांस कंगाणीची अधिक ओळख करून देण्याचे कारण नाही.

१९२२ साली परदेशगमनाचा नवा कायदा झाला. अकुशल मजुरांनी कोणत्या देशी जावे आणि कोणत्या अटींवर जावे, हे ठरविताना विधिमंडळाची संमती घ्यावी लागू लागली, आणि जेथे आपले मजूर मोठ्या संख्येने आहेत तेथे भारत सरकारचा एजंट नेमण्याची तरतूद झाली. त्याप्रमाणे सिलोनात आणि मलायात एजंट गेले. हे एजंट म्हणजे आजच्या राजदूताचे गरीब पूर्वज म्हणावयास हरकत नाही. त्यांनी मळ्यांवर जावे, मजुरीचे तक्ते पाहावे, तक्रारी ऐकाव्या, अहवाल लिहावा. हुकूम देण्याचा अधिकार त्यांस नव्हता.

१९३९ मध्ये सिलोन सरकारने आपल्या खात्यांतील रोजंदारीवरील भारतीय कामगारांस काढून टाकण्याचे धोरण आरंभिले. पंडित जवाहरलाल नेहरू त्या वर्षीच्या जुलैत स्वतः तेथे जाऊन आले, परंतु तोड निघाली नाही. भारत सरकारने १ ऑगस्ट १९३९ पासून सिलोनात मजूर जाऊ देण्यास बंदी घातली. बंदी घालणे सोपे. पण तिचा एक विचित्र परिणाम झाला. जो मजूर आईबापांस भेटावयास गावी आला, त्यास परत आपल्या मळ्यावर, आपल्या बायकामुलांकडे जाता येईना. मजुरांच्या रक्षणासाठी काढलेला हुकूम मजुरांच्याच दारी अडसर होऊन बसला. पुढे युद्धकाळात तो काहीसा सैल करावा लागला. परदेशगमनाची धोरणे कागदावर आखणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी धरण्यासारखे आहे.

जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी आपले कार्यकारी मंडळ वाढविले. प्रथमच त्यात भारतीय सभासदांची संख्या इंग्रज सभासदांहून अधिक झाली; मात्र अर्थ, गृह आणि संरक्षण ही कळीची खाती इंग्रजांनी आपल्याच हाती ठेविली. परदेशस्थ भारतीयांचे नवे खाते बापूजींकडे आले. काँग्रेसने सरकारशी असहकार पुकारलेला असताना त्यांनी हे पद स्वीकारले, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ती अकारण होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ब्रह्मदेशात त्या वेळी सुमारे दहा लाख भारतीय होते, सिलोनातील भारतीयांची संख्याही तितक्याच्या जवळपास होती आणि त्यांच्याविषयीचे करार दिल्लीत होत होते. खुर्ची रिकामी ठेवल्याने ते करार थांबणार नव्हते.

किंबहुना दोन करारांचे मसुदे त्याच वर्षी पुढे आले होते आणि दोन्हींची बोलणी सर गिरिजाशंकर बाजपेयी यांनी केली होती. एक ब्रह्मदेशाशी. तो देश १९३७ मध्ये भारतापासून अलग झाला होता आणि भारतीयांच्या आगमनावर परवाने, शुल्क व प्रतवारी यांची बंधने घालू इच्छीत होता. महात्मा गांधींनी या करारावर कडक टीका केली. दुसरा मसुदा सिलोनशी झालेल्या वाटाघाटींतून सप्टेंबर १९४१ मध्ये तयार झाला. त्यात कोणत्या भारतीयास कायमचा रहिवासी मानावयाचे, कोणास मताधिकार द्यावयाचा, याच्या अटी होत्या. पिढ्यान्‌पिढ्या मळ्यांवर राबलेल्यांच्या दृष्टीने त्या जाचक होत्या. देशातील लोकमत त्यांच्या विरुद्ध गेले आणि बापूजींच्या खात्याच्या हाती आलेला तो मसुदा भारत सरकारने अखेर कायम केला नाही.

इतक्यात युद्धाने सारेच चित्र पालटले. २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी बाँब पडले. बंदरातील हमाल, गोदीतील मजूर, झाडूवाले, दुकानदार, कारकून, यांपैकी बहुसंख्य भारतीय होते. ज्यांस जहाज मिळाले ते समुद्रमार्गे निघाले; उरलेल्यांनी पायी वाट धरली. कोणी आराकानचे डोंगर ओलांडून चितगावकडे आले, कोणी चिंदविन नदी उतरून तामूमार्गे मणिपुरात आले, आणि पावसाळा लागल्यावर मागे राहिलेले काही उत्तरेकडील हुकाँग खोऱ्याच्या चिखलात शिरले. १९४२ च्या त्या काही महिन्यांत चार-पाच लाख माणसे भारताच्या सीमेवर आली असावीत. पटकी, हिवताप आणि उपासमार यांनी किती हजार वाटेतच पडले, याची नीट मोजदाद कधी झाली नाही.

या निर्वासितांचा केंद्र सरकारातील भार बापूजींच्या खात्यावर होता. वाचकांनी त्याची कल्पना करून पाहावी. रस्ते लष्कराच्या ताब्यात, छावण्या आसाम सरकारच्या, डोंगरातील वाटा बांधणारे हात चहाच्या मळ्यांवरील मजुरांचे, गाड्या रेल्वेच्या. खात्याच्या हाती विनवणी, समन्वय आणि पैसा एवढेच. आसामच्या मळ्यांतील जी माणसे भर पावसात कुदळी घेऊन निर्वासितांसाठी वाटा खणत होती, त्यांत मध्यप्रांतातून गेलेल्यांची नातवंडेही असतील. त्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत.

त्यातच एक संतापजनक तक्रार देशभर पसरली. गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन निर्वासितांसाठी सोयीची वाट राखून ठेवून भारतीयांस अधिक बिकट वाटेने पिटाळले जाते, अशी ती तक्रार होती. लोक त्यास गोरी वाट आणि काळी वाट म्हणू लागले. मरणाच्या दारातही रंग पाहिला जावा, यावर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्या नेत्यांनी हा प्रश्न लावून धरला. ज्या सरकारवर हा आरोप होता, त्याच सरकारच्या मंडळात निर्वासितांचे कैवारी म्हणून बापूजी बसलेले होते. परक्या राज्यात आपल्या माणसांसाठी पद पत्करणाऱ्याची कोंडी यापेक्षा स्पष्ट कोठे दिसावी?

ऑगस्ट १९४२ मध्ये ती आणखी घट्ट झाली. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजी आणि काँग्रेसचे सर्व नेते पकडले गेले. राज्याच्या सुरक्षिततेच्या नावाखाली दडपशाही सुरू झाली. ज्या कार्यकारी मंडळाने या कारवाईस मान्यता दिली, त्याचे बापूजी सभासद होते. आठवडाभरात चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जमावाच्या हातून अधिकारी व शिपाई मारले गेले. त्यानंतर चिमुरात आलेल्या फौजेने स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. चौकशीची मागणी सरकारने झिडकारली. तेव्हा सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भणसाळी दिल्लीस गेले आणि थेट बापूजींच्या निवासस्थानी ठाण मांडून बसले. आपल्याच प्रांतातील स्त्रियांची विटंबना होते आणि आपल्याच प्रांतातला मनुष्य मंडळात बसून राहतो, हे त्यांस सहन होईना. सरकारने त्यांस दिल्लीबाहेर काढून सेवाग्रामास पोहोचविले. तेथून त्यांनी चिमुराची वाट धरली, पुन्हा पकडले गेले, आणि त्यांचे उपोषण त्रेसष्ट दिवस चालून १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले.

बापूजी तेव्हाही मंडळात राहिले. चिमूर हे वणीपासून काही फार दूर नव्हे. आमच्या मते त्यांनी त्याच वेळी पद सोडले असते तर ते अधिक शोभले असते. ब्रह्मदेशातून आलेल्यांच्या छावण्या अद्याप मिटल्या नव्हत्या, हे त्यांच्या बाजूने सांगता येईल. परंतु दोन्ही पारडी तोलून पाहिली तरी चिमूरचे पारडे आम्हांस जड वाटते. थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना अशा जागी मौन धरणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

महिन्याभरानेच ती वेळ आली. १० फेब्रुवारी १९४३ रोजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात बंदिस्त असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. त्यांची प्रकृती खालावू लागली. त्यांस बिनशर्त मुक्त करावे ही मागणी व्हाइसरॉयने मानली नाही. १७ फेब्रुवारी रोजी बापूजी, सर होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. गांधीजींशी बापूजींचे मतभेद जुने आणि खोल होते. तरीही त्यांच्या प्राणाची होड लागलेली असताना सरकारच्या पंगतीस बसणे त्यांस अशक्य झाले. त्यांच्या जागी आले तेही नागपूरचेच डॉक्टर नारायण भास्कर खरे. परदेशस्थ भारतीयांचे खाते पाठोपाठ दोन वेळा आमच्याच प्रांताकडे आले, हा योगायोग मौजेचा खरा.

राजीनाम्यानंतर सहा महिन्यांनी, ऑगस्ट १९४३ मध्ये, बापूजी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनास गेले. मंडळ सोडले आणि त्याच सरकारची वकिली घेतली, म्हणून पुन्हा कुजबूज झाली. त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते. मानमरातबाची हौस असती तर दिल्लीतील आसन अधिक मोठे होते.

युद्धकाळातील सिलोन म्हणजे लहानसे बेट आणि त्यावर साऱ्या जगाची नजर. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो आणि त्रिंकोमाली येथे जपानी विमानांनी बाँब टाकले होते. मलाया शत्रूच्या हाती गेल्यामुळे दोस्त राष्ट्रांस लागणारे रबर मुख्यतः सिलोनातून येऊ लागले होते. १९४४ मध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांनी आग्नेय आशियाचे आपले लष्करी ठाणे दिल्लीहून कँडीस हलविले. रबराच्या आणि चहाच्या मळ्यांवर राबणारे हात बहुतांशी भारतीय. म्हणजे युद्धाची रसद त्यांच्या घामावर चालली होती. आणि त्यांच्या ताटात मात्र तांदळाची वाण, कारण सिलोन ज्या ब्रह्मदेशाचा तांदूळ खाई तो ब्रह्मदेशच गेला होता. त्याच वर्षी बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. भारताने तरी धान्य कोठून द्यावे? आम्ही धान पिकविणारी माणसे. पोटभर भात मिळणे म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणी कोणास शिकवीत नाही.

१९४६ च्या शिरगणतीत सिलोनातील भारतीय तामिळांची संख्या सुमारे पावणेआठ लाख भरली. त्यांतील बहुसंख्य डोंगरमाथ्यावरील मळ्यांत, लाइन नावाच्या लांबलचक चाळींत राहत. दहा फूट बारा फुटांच्या एकेका खोलीत एकेक कुटुंब. त्यांच्या प्रतिनिधीपुढे दोन तऱ्हेची कामे असत. एक रोजचे: मजुरी, महागाईभत्ता, शिधा, शाळा, मळेवाल्याने काढून टाकलेल्या कुटुंबाचा निवारा, गावी परतणाऱ्यांची सोय. दुसरे मोठे, आणि ते नागरिकत्वाचे. १९३१ साली सिलोनात सर्व प्रौढांस मताधिकार मिळाला होता, पण भारतीयांच्या बाबतीत वास्तव्याच्या अटी घालण्यात आल्या. १९३७ च्या दुरुस्तीने मळ्यांवरील भारतीय मजुरांस ग्रामसमित्यांच्या मतदानातून वगळले गेले. ज्याने तीन पिढ्या डोंगर खोदून चहा लावला, त्यास गावच्या पाणवठ्याविषयीही मत नाही!

सिलोनी लोकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांच्या डोंगराळ भागातील जमिनी इंग्रज मळेवाल्यांनी घेतल्या, मजूर बाहेरून आणले, आणि कँडीचा शेतकरी भूमिहीन होऊन बघत राहिला. उद्या स्वराज्य आले तर हे परके मतदार आपल्यास आपल्याच घरी अल्पसंख्य करतील, अशी भीती त्यांस वाटे. गुन्हा मळेवाल्याचा, भांडण दोन गरिबांत. १९४६ मध्ये केगल्ले जिल्ह्यातील एक मळा ग्रामस्थांच्या वसाहतीसाठी सरकारने घेतला आणि तेथील भारतीय मजुरांस घरे सोडण्याचे फर्मान निघाले, तेव्हा आसपासच्या मळ्यांवर मोठा संप झाला. अशा प्रसंगी भारताच्या प्रतिनिधीने काय करावयाचे? संप पुकारणे त्याचे काम नव्हे, संप मोडणे तर नव्हेच. मंत्र्यांस भेटावे, दिल्लीस लिहावे, मजुरांस धीर द्यावा. त्यास पाठबळ देणारी राजसत्ता लंडनास होती, आणि मळेवालेही लंडनचेच होते.

डिसेंबर १९४४ मध्ये लॉर्ड सोलबरी यांचे कमिशन सिलोनच्या नव्या घटनेसाठी आले. १९३९ साली नेहरूंच्या भेटीच्या वेळी स्थापन झालेली सिलोन इंडियन काँग्रेस समान नागरिकत्वाची मागणी करीत होती. कमिशनने परदेशीयांचे आगमन व नागरिकत्व हे प्रश्न सिलोनच्या पार्लमेंटाकडेच सोपविले. बापूजींच्या साऱ्या खटपटीनंतर हाती आले ते इतकेच. १९४७ मध्ये ते स्वदेशी परतले आणि त्यांच्या मागून वराहगिरी वेंकट गिरी हे, पुढे आपले राष्ट्रपती झाले ते, स्वतंत्र भारताचे हायकमिशनर म्हणून तेथे गेले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत सिलोन इंडियन काँग्रेसचे सात उमेदवार निवडून आले. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षाच्या नागरिकत्वाच्या कायद्याने मळ्यांवरील बहुसंख्य भारतीय कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. पुढल्या वर्षी त्यांचा मताधिकारही गेला. बापूजींस जी भीती होती ती अशी अक्षरशः खरी ठरली. आणि आता भारत स्वतंत्र असूनही ती टळली नाही.

स्वदेशी परतल्यावर बापूजी घटनासमितीत बसले. जानेवारी १९४८ पासून जून १९५२ पर्यंत ते बिहारचे राज्यपाल होते. फिजी आणि मॉरिशसच्या कित्येक गिरमिटियांची मूळ गावे याच प्रांतातील. त्यानंतर स्वतंत्र विदर्भाच्या मागणीचा त्यांनी पुरस्कार केला. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. वाचकांच्या घरांतही त्याविषयी दोन मते असतील. १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६२ मध्ये नागपूरने त्यांस लोकसभेवर पाठविले.

ते सभागृहात असतानाच ३० ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान श्रीमती सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. सुमारे ९,७५,००० नागरिकत्वहीन माणसांपैकी ५,२५,००० भारताने घ्यावी, ३,००,००० सिलोनने ठेवावी आणि उरलेल्या १,५०,००० चा विचार मागाहून करावा, असे ठरले. माणसे अशी आकड्यांनी वाटली गेली. त्या मजुरांपैकी पुष्कळांनी भारत पाहिलासुद्धा नव्हता. बापूजी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

वृद्धापकाळात त्यांनी एक प्रचंड कार्य हाती घेतले होते. लोकमान्यांचे समग्र चरित्र त्यांनी संस्कृत श्लोकांत रचिले आणि त्यास श्रीतिलकयशोर्णव असे नाव दिले. कायद्याचे मसुदे, विधानसभेतील भाषणे आणि मळ्यांचे अहवाल यांत आयुष्य घालविलेल्या गृहस्थाने अखेरीस हजारो श्लोकांचे काव्य लिहावे, याचे आम्हांस फार कौतुक वाटते. १९७३ मध्ये या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण तो स्वीकारावयास कवी उरला नव्हता. २६ जानेवारी १९६८ रोजी, ज्या प्रजासत्ताक दिनी पद्मविभूषण या किताबासाठी त्यांचे नाव जाहीर झाले, त्याच दिवशी बापूजींचे देहावसान झाले.

सिलोनातून माणसे परत येण्याचे काम त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू होते. तलैमन्नारहून सुटणारी बोट रामेश्वराच्या धक्क्यास लागे, आणि पत्र्याच्या पेट्या, भांड्यांची गाठोडी घेऊन कुटुंबे उतरत. त्यांच्या आज्यापणज्यांस जेथून नेले होते, त्याच मंडपमच्या छावणीत त्यांची नावे पुन्हा लिहिली जात. १९७४ मध्ये श्रीमती इंदिरा गांधी यांनी उरलेल्या दीड लाखांचा प्रश्न निम्मे-निम्मे वाटून सोडविला. श्रीलंकेत राहिलेल्या शेवटच्या नागरिकत्वहीन भारतवंशीयांस तेथील पार्लमेंटाने कायदा करून नागरिकत्व दिले ते २००३ साली. बापूजींस जाऊन तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती.